भागोजी सांगेल तिथंच जेवावं

रेवदंड्याच्या यष्टी थांब्यावर उतरलेल्या पाहुण्याला भागोजी टांगेवाल्यानं हसून 'या' म्हटलं, असं गावात कुणी पाहिलेलं नाही. तो पाहुण्याकडे बघायचाच नाही. आधी त्याच्या सामानाकडे बघायचा, मग चपलांकडे, आणि घोडीच्या पाठीवरची माशी उडवत विचारायचा, "किती दिस?"

"आजचा दिवस."

"मग कशाला आलात? बरं, बसा. तट बगा, सातखणी मनोरा बगा, चौलाच्या रामेश्वराला हात जोडा आन जावा घरी."

त्याच्या टांग्यात बसणं म्हणजे पैसे देऊन बोलणी खाणं होतं. पण यष्टी सुरू झाल्यापासून बाकीचे टांगेवाले माशा मारत बसले आणि भागोजीचा टांगा मात्र रोज भरून जाई. त्याचं कारण एकच. पाहुण्यानं कधी ना कधी विचारायचंच, "इथं जेवायला चांगलं कुठं मिळेल?" आणि मग भागोजी लगाम सैल सोडून अख्खाच्या अख्खा मागे वळून बसायचा. घोडी आपली आपण चालायची.

"थांब्यासमोरचं हाटेल बगितलंत? त्याची भजी काल तळलेली असतात, आज फकस्त ऊन दाखवतो. चहा प्या, भजी नको. देवळामागच्या खानावळीत आमटी मागाल तर डाळ बुडी मारून शोधाया लागेल. पण त्याचं ताक घ्या, ताक झ्याक हाय. पाव घ्यायचा तर मशिदीजवळच्या भट्टीवर, तोही सकाळचा. दुपारचा घेतलात तर दगड म्हणून तटाला लावा. शेटच्या दुकानात सुपारी घेऊ नका, वरचा थर चांगल्या रोठा सुपारीचा आन खालचा कुठला ते त्याच्या देवालाच ठाव. सुपारी वाडीवाल्याच्या पडवीत जाऊन सालासकट घ्या, फोडून दाखव म्हणा. पांढरा कांदा माळेतला घ्या, सुटा नको. माळ हलवा. खुळखुळली तर ठेवून द्या तिथंच."

मासळीचं आलं की त्याचा आवाज चढायचा. "सकाळी बाजारात बसलेली मासळी रातची असते. ताजी पायजे तर भरतीला होड्या लागतात तवा बंदरावर जावा. कोळणीनं वाटा लावला की कल्ला उचलून बगा. ती शिव्या देईल, देऊ द्या. लाल असला तर घ्या. आन पावसात येऊन पापलेट मागाल तर तुमच्यासारखे येडे तुमीच."

शहरातल्या बायका पदराआड हसायच्या, पुरुष चिडायचे, आणि सगळे जण तो सांगेल तिथंच जायचे. कारण त्याचं सांगणं चुकत नसे. हॉटेलवाल्यानं एकदा त्याला फुकट चहा देऊ केला, तर भागोजीनं तो चहा त्याच्याच पायरीवर ओतला आणि दुसऱ्या दिवसापासून भज्यांबरोबर हॉटेलवाल्यालाही नावं ठेवू लागला. चहाचं कुणी विचारलं की मात्र कबूल करी, "चहा चांगला हाय त्याचा. माणूस वाईट हाय, चहा न्हाय."

हे असं का, तर टांगा घेण्याआधी भागोजीनं नऊ वर्षं मिठाच्या मचव्यावर खलाशी म्हणून काढली होती. एका फेरीत सुकी मासळी ओल धरून बिघडली. मचव्यावरच्या स्वैपाक्याला, ज्याला भंडारी म्हणतात, ते कळलं होतं. पण नाखव्याच्या शिव्या नकोत म्हणून तो 'चांगली आहे, खा' म्हणाला. तिघे आजारी पडले आणि बुधाजी नावाचा एक हसरा खलाशी ओकून ओकून भागोजीच्या मांडीवर मेला. तेव्हापासून भागोजी माणसांबद्दल वाटेल ते बोले, निम्मं खोटं बोले, पण खाण्याच्या जिनसेबद्दल शब्द इकडचा तिकडे करत नसे. देवाधर्माचं त्याला फारसं नव्हतं, पण हे एक सोवळं तो पाळी.

आता बायजा. तटाच्या आतल्या खालच्या आळीत हिरव्या दारांच्या घरात बायजा खानावळ चालवायची. नवरा मेल्यावर हिनं कुणाच्या दारात पदर पसरला नाही, चूल मोठी केली. तिचा हात चुलीवर जितका गोड तितकीच जीभ तिखट. भागोजीनं आपल्या पुतण्यासाठी तिच्या लेकीला मागणी घातली होती, तेव्हा चार माणसांसमोर ती म्हणाली, "ज्या घरात घोडीची वैरण आन माणसाचं जेवण एकाच सुपानं मोजतात, तिथं माजी पोर न्हाय द्यायची." पोर तिनं मुंबईला लालबागेत दिली. भागोजीच्या नाकाला त्या दिवशी झोंबलेली मिरची पुढं चार वर्षं उतरली नाही. बायजाचं नाव निघालं की तो थुंकायचा.

म्हणून त्रेपन्न सालच्या दिवाळीनंतर गावकीनं बायजाला वाळीत टाकलं, तेव्हा सगळ्यात आधी हात वर झाला तो भागोजीचा. झालं होतं एवढंच, की पंच तुकारामानं तिच्या वाडीच्या बांधावरचे सहा माड आपल्याकडे ओढले, आणि ही बाई गावकीपुढे रडायचं सोडून थेट अलिबागच्या कोर्टात गेली. गावचं भांडण गावाबाहेर नेलं! यापेक्षा मोठा गुन्हा खालच्या आळीला ठाऊक नव्हता. ठरलं, की तिच्याशी बोलायचं नाही, तिला विस्तव द्यायचा नाही, तिच्याकडे खायचं नाही, तिच्या मयताला खांदा द्यायचा नाही. जो हे मोडील, तोही तिच्याबरोबर वाळीत. असं वाळीत टाकायला सरकारनं कायद्यानं बंदी घातली होती म्हणे. पण तो कायदा खालच्या आळीपर्यंत कुणी टांग्यात घालून आणला नव्हता.

गावकीला वाटलं, महिन्याभरात बाई नाक घासत येईल. बाई आली नाही. थेरोंड्याच्या कोळणींना या आळीच्या बहिष्काराशी देणंघेणं नव्हतं, त्या मासळी आणून देत. आणि जेवायला बाहेरगावचे येत, रोज येत, पूर्वीपेक्षा जास्त येत. मुंबईचे, पेणचे, पनवेलचे. विचारत विचारत हिरव्या दारापाशी पोचत आणि तृप्त होऊन ढेकर देत तुकाराम पंचाच्या अंगणावरून परत जात.

त्यांना पाठवत होता भागोजी.

मुद्दाम नाही हो! त्याचं नाव घेऊन कुणी असं म्हटलं असतं तर त्यानं चाबूक काढला असता. तो तर तिला शिव्या घालत होता. सगळ्या खानावळींची झडती झाली की तो शेवटी दात-ओठ खाऊन म्हणायचा, "आन त्या बायजाकडं तर पाय ठेवू नका! तटाच्या दरवाज्यातून आत शिरलात की डाव्या हाताला, फणसामागं, हिरवी दारं. चुकून पण जाऊ नका. महाकजाग बाई. गावानं वाळीत टाकलीय तिला."

"का? जेवण वाईट असतं का?"

इथं भागोजी अडायचा. "जेवणाचं कोण बोलतंय? मी बाईचं बोलतोय."

"पण जेवण?"

"जेवण..." तो घोडीवर उगाच खेकसायचा. मग नाइलाजानं, दुखरा दात उपटून द्यावा तसा बोलायचा, "वालाच्या बिरड्यात कोलंबी घालते ती. तसं बिरडं इकडं अलिबागेपासून तिकडं मुरुडापर्यंत न्हाय. भाकरी तांदळाची, हातावर थापलेली, पापुद्रा सुटतो. पण बाई वाईट हाय, सांगून ठेवतो!"

पाहुणे टांग्यातून उतरत आणि सरळ हिरव्या दाराकडे चालू लागत. भागोजी त्यांच्या पाठीकडे बघून चडफडत बसे. आपण काय करतोय हे त्याला खरोखर कळत नव्हतं. जगाला ते त्याच्याआधी कळलं.

फाल्गुन लागल्यावर एका दुपारी त्याला देवळाच्या सभामंडपात बोलावणं आलं. आळीतली जाणती माणसं बसली होती. तुकाराम पंच कधी आवाज चढवत नसे. तो मऊ बोलायचा, आणि त्याचं मऊ बोलणं ऐकून माणसांना घाम फुटायचा.

"भागोजी, तू बायजाला गिऱ्हाईक पुरवतोस म्हणं."

"मी?" भागोजीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "मी तर तिला रोज शिव्या घालतो! इचारा कुणालाबी."

"इचारलं. तू बाईला शिव्या घालतोस आन तिच्या बिरड्याची आरती ओवाळतोस." मंडपात हशा पिकला. तुकाराम हसला नाही. "परवा शिमगा. धुळवडीला समदी आळी तिच्या दारात बोंब ठोकायला जाणार. पुढं तू ऱ्हायचं. तुज्यासारखी जीभ कुणाची न्हाय. आन बाहेरगावची माणसं असतील, त्यांच्यासमोर सांगायचं, की हिच्याकडचं अन्न सडलेलं असतं."

"बाईला काय पायजे ते म्हणतो. तिच्या सात पिढ्या काढतो. अन्नाला कशाला?"

"कारण अन्नाबद्दल तू खोटं बोलत न्हाईस असं लोक म्हणतात," तुकाराम म्हणाला. "म्हणून तुज्याच तोंडून पायजे."

भागोजी जायला वळला. तुकारामानं सुपारी कातरत अगदी सहज विचारलं, "लेक आलीय न्हवं तुजी, जनी, बाळंतपणाला? कितवा म्हयना?"

"आठवा."

"पयलं पोर आडवं आलं होतं तिचं. गेलं बिचारं. सगुणा सुईण होती म्हणून पोरगी तरी वाचली." त्यानं सुपारीचा तुकडा तोंडात टाकला. "सगुणा आपल्याच आळीची. गावकीबाहेर न्हाय जायची ती."

एवढंच. कुणी धमकी दिली नाही, कुणी हात उगारला नाही. भागोजी घरी आला. ओसरीवर जनी भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती, पायांना सूज आलेली. त्याची बायको रंगू तिच्या पायांना तेल चोळत होती. त्यानं दोघींना सगळं सांगितलं. रंगू म्हणाली, "अलिबागचा दवाखाना अकरा मैल. कळा सुरू झाल्यावर त्या खड्ड्यांतनं टांग्यात न्यायची हिला? एक वाक्य तर बोलायचं हाय तुमास्नी. आजवर काय थोडं बोललात?"

आणि खरंच, एक वाक्य तर होतं. दोन दिवस तो ते घोडीला खरारा करताना मनात घोळवत राहिला. लोकांबद्दल असलं वाक्य त्यानं चालत्या टांग्यातून फेकलं असतं.

धुळवडीच्या सकाळी सगळी आळी फणसाखाली जमली. तोंडं रंगलेली, हलगी कडकडत होती. त्याच दिवशी मुंबईहून एक मोठी मंडळी तट बघायला आली होती, तीही बोंब ऐकायला उभी राहिली. हिरवी दारं बंद होती. भागोजी पुढं झाला आणि त्यानं तोंड सोडलं.

खरं सांगायचं तर तो त्या दिवशी रंगात होता. चार वर्षांची जळजळ बाहेर पडत होती. बायजाच्या जिभेला त्यानं कोयता म्हटलं, तिच्या चालीला वादळातला मचवा म्हटलं, तिच्या बापानं तिच्या लग्नात हुंड्याऐवजी माफी मागितली होती असं सांगितलं. प्रत्येक वाक्यावर सगळी आळी तोंडावर हात मारून बोंब ठोकत होती. मुंबईची माणसं पोट धरून हसत होती. भागोजीला वाटलं, एवढ्यातच भागेल. तेवढ्यात मागून तुकारामाचा मऊ आवाज आला, "आता जेवणाचं सांग."

आणि दार उघडलं.

बायजा ताट घेऊन बाहेर आली. पायरीवर तिनं ते ताट ठेवलं. तांदळाची भाकरी होती, कोलंबी घातलेलं वालाचं बिरडं होतं, वाफ निघत होती. तिनं कुणाला शिवी दिली नाही. हलगी थांबली.

"इतकं बोललास," ती भागोजीला म्हणाली. "आता खा, आन मग सांग यांना कसं हाय ते."

खाल्लं तर वाळीत. न खाता चांगलं म्हटलं तरी वाळीत. भागोजी पायरीशी उभा होता आणि त्या ताटाचा वास सरळ त्याच्या नाकात जात होता. वाल मऊ शिजलेले, कोलंबी त्या सकाळचीच, वरून ओलं खोबरं. कसलाही दोष नव्हता त्यात. त्यानं गर्दीवरून नजर फिरवली. विहिरीपाशी सगुणा सुईण उभी होती. ती त्याच्याकडे बघत नव्हती, खाली जमिनीकडे बघत होती.

"वास मारतोय," भागोजी म्हणाला.

बोंब कुणी ठोकली नाही. हे थट्टेत बोललेलं नाही, हे आळीतल्या पोरासोरांनाही समजलं. मुंबईच्या मंडळीतल्या एका बाईनं पदर नाकाला लावला. तिच्या नाकापर्यंत तो सुंदर वास पोचला असणारच, पण भागोजी म्हणाला म्हटल्यावर तिला तो कुजका वाटला. एक म्हातारा म्हणाला, "भागोजी म्हणतोय म्हंजे असंल." आणि तुकाराम पंच पाठ फिरवून चालू लागला, त्याचं काम झालं होतं.

बायजा पायरीवर बसली. ताट मांडीवर ओढून तिनं सगळ्यांच्या समोर भाकरी मोडली आणि जेवायला लागली. घाई नाही, रडणं नाही. शेवटच्या घासानं तिनं ताट पुसून घेतलं, बोटं चाटली, उठली आणि आत गेली. भागोजी तिथंच उभा होता. त्याला हलायला सांगायला कुणी शिल्लक राहिलं नव्हतं.

पुढं गावकीला काहीच करावं लागलं नाही. 'भागोजी म्हणाला' एवढे दोन शब्द पुरले. यष्टीच्या कंडक्टरपर्यंत ते पोचले, थेरोंड्यापर्यंत पोचले. गिऱ्हाईक नाही तर मासळी कुणासाठी, म्हणून कोळणींनी दुसरी दारं धरली. पूर्वी दोनदा जेवून गेलेला पेणचा एक मास्तर मुद्दाम बायकोला घेऊन आला आणि टांग्यात बसता बसता म्हणाला, "हिरव्या दाराकडे घ्या." भागोजी म्हणाला, "बंद झालं ते." ते बंद झालं नव्हतं. बायजा आत चूल पेटवून बसली होती. एक खोटं जिभेवर आलं की दुसरं जड जात नाही, हे भागोजीला त्या दिवशी समजलं आणि त्याला स्वतःची किळस आली. त्यानं मास्तराला देवळामागं नेऊन सोडलं.

चैत्रात जनी बाळंत झाली. दोन दिवस अडली होती. सगुणानं हात घालून मूल फिरवलं, मुलगी झाली, दोघी जगल्या. सगुणा हात धुऊन निघाली तेव्हा रंगू तिच्या पाया पडली. भागोजी अंगणात उभा होता. सगुणा त्याच्याशी एक शब्द न बोलता गेली. तिचं भागोजीशी भांडण नव्हतं, गावकीनं तिला गप्प राहायलाही सांगितलं नव्हतं. तरी ती बोलली नाही. नात मांडीवर घेतली की भागोजीला वाटे, केलं ते बरोबर केलं. मांडीवरून उतरली की वाटे, नाही. दोन्ही खरं होतं आणि दोन्हीचा त्याला संताप येई. तो घोडीवर ओरडे, रंगूवर ओरडे, पाहुण्यांवर तर पूर्वीच्या दुप्पट ओरडे. फक्त खाण्याबद्दल विचारलं की दोन शब्दांत उरके.

वैशाखात एका सकाळी बायजा थांब्यावर आली. डोक्यावर वळकटी, हातात पत्र्याची पेटी. हिरव्या दारांना कुलूप लावून ती लालबागेला लेकीकडे निघाली होती. कोर्टातला दावा तिनं सोडला नव्हता, हे तिनं थांब्यावरच्या कंडक्टरला मोठ्यानं सांगितलं, म्हणजे आळीतल्या चौघांना ऐकू जावं. आळीतले चौघे पाठ करून उभे राहिले. भागोजी टांग्यावर बसला होता. उतरून दूर जाणं त्याला जमलं असतं, पण तो बसून राहिला.

अलिबागहून आलेल्या यष्टीतून एक कुटुंब उतरलं. नवरा, बायको, म्हातारी आई. नवऱ्यानं इकडं तिकडं पाहिलं आणि नेमकं बायजालाच विचारलं, "बाई, इथं जेवायला चांगलं कुठं मिळेल?"

बायजानं पेटी खाली ठेवली. हातानं सरळ टांग्याकडे दाखवलं. "त्याला इचारा. समदा गाव त्याच्या शब्दावर जेवतो."

ती हे ओरडून म्हणाली नाही. माहिती सांगावी तसं म्हणाली. त्या गृहस्थानं टांग्याजवळ येऊन तोच प्रश्न भागोजीला केला. पाठ करून उभ्या असलेल्या चौघांनी माना वळवल्या. थांब्यासमोरचं हॉटेल होतं, देवळामागची खानावळ होती, काहीही सांगून मोकळं होता आलं असतं.

"कुठंच न्हाय आता," भागोजी म्हणाला. मग त्याचा आवाज एकदम चढला, थांबाभर ऐकू जाईल असा. "एक जागा होती. तसलं बिरडं या किनाऱ्यावर कुणाच्या हातचं न्हाय. मी खोटं बोललो. त्या ताटाला वास नव्हता."

चौघांतला एक लगबगीनं खालच्या आळीकडे चालता झाला. तो कुठं चाललाय ते भागोजीला ठाऊक होतं, आणि आता सुईणीची गरज संपली होती, हे बायजालाही ठाऊक होतं.

तिनं वळकटी यष्टीत टाकली, पेटी आत ढकलली आणि पायरीवर एक पाय ठेवून पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं.

"पोरगी सुटली, मग तोंड फुटलं व्हय तुजं?" ती म्हणाली आणि आत जाऊन बसली.